क्वार्टर आणि ओटा

साल १९१४. दौंडहून निघालेली छोट्या रुळांची गाडी तुम्हाला बारामतीच्या नव्याकोऱ्या स्टेशनात उतरवते. डोळ्यांत कोळशाची कुसळं गेलेली. ती चोळतच तुम्ही मारवाड पेठेकडं निघता. भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या डाव्या कालव्यानं इकडं पोहोचल्याला बरीच वर्षं झालीयत. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसानं ही पेठ फुगवली. गुळाच्या ढेपांच्या थप्प्या, बैलगाड्यांची दाटी, कुणाच्या तरी बैलानं कुणाच्या तरी कडब्यात घातलेलं तोंड. रस्ता सरळ नाही, सपाट तर नाहीच. सांडपाणी कुठून कुठं जातंय ते न पाहिलेलंच बरं.

तरी तुमचा पाय निघत नाही. आडत्याची पेढी खाली, बिऱ्हाड वर आणि मधे ओटा. ओट्यावर दात गेलेला एक आजा बसलाय. दुकान आता मुलगा बघतो, पण रस्ता अजून आजाच बघतो. तुम्ही कुणाकडं आलात हे त्याला कळल्याशिवाय तुमची सुटका नाही. इथून कऱ्हेकाठी गेलात तर बाबूजी नाईकांचा वाडा दिसेल. त्यांच्याच आश्रयानं कवी मोरोपंत या गावात राहिले आणि इथंच १७९४ साली गेले. माणसं या गावात जन्मतात, म्हातारी होतात, इथंच मरतात. हे एवढं साधं वाक्य पुढच्या मुक्कामी लक्षात असू द्या.

आता चाळीसेक वर्षं पुढं या. एसटीतून उतरलात की आधी मळीचा आंबूस वास येतो. हे वालचंदनगर. एकेकाळी इथं कळंबच्या शिवारात मार्सलँड प्राइस कंपनीचा ऊसमळा होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी त्यात हात घातला. फाटक नावाच्या भागीदाराबरोबर रेल्वेची कंत्राटं घेता घेता हा माणूस जहाजांपर्यंत पोहोचला होता आणि पुढं विमान, मोटारही त्यानं सोडली नाही. १९३२ साली साखरेला सरकारी संरक्षण मिळालं, मग इथं कारखाना उभा राहिला. शेठ १९५३ साली गेले, पण गाव त्यांच्या नावानं चालतंय.

आणि काय चालतंय! भोंगा झाला की सायकलींचा लोंढा एका बाजूनं फाटकात शिरतो, दुसरीकडून बाहेर पडतो. रस्ते आखीव, कडेला झाडं. नळाला पाणी येतं, घरात दिवे लागतात. आसपासच्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर अजून कंदीलच आहे. साहेबांचे बंगले एकीकडं, कामगारांच्या चाळी दुसरीकडं. कोण कुठल्या हुद्द्यावर आहे ते घरावरून कळतं, पाटी वाचायची गरज नाही. खरं सांगायचं तर मुलंबाळं घेऊन राहायचं असतं, तर मी बारामतीची पेठ सोडून इथंच आलो असतो.

पण संध्याकाळी चाळीपुढून एक फेरी मारा. क्रिकेट खेळणारी पोरं दिसतील, दळण घेऊन निघालेल्या बाया दिसतील, ड्यूटीवरून आलेले बाप दिसतील. म्हातारं माणूस फार थोडं, आणि तेही बहुधा गावाकडून लेकाकडं राहायला आलेलं. घर नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबर जातं. इथं कुणी रस्त्यावर बसून म्हातारा होत नाही. रिटायर झाला की भांडीकुंडी ट्रकमध्ये, आणि दारात लावलेला पेरू पुढच्याचा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. १८९३ सालच्या शिकागोत जा. जागतिक प्रदर्शन पाहायला आलेले लोक पुलमन नावाचं गावही पाहून येतात. जॉर्ज पुलमननं रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कामगारांसाठी १८८०पासून ते वसवलं. लाल विटांची घरं, हिरवळ, एकाच छपराखाली दुकानं, वाचनालय आणि नाटकगृह. पाहुणे वाहवा करतात. तुम्ही मात्र कामगारांच्या मागं मागं शेजारच्या केन्सिंग्टनला जा, कारण गुत्ते तिकडं आहेत. पुलमनमध्ये दारू मिळते ती फक्त हॉटेलात. मालकानं मजुरी कापली, घरभाडं मात्र तसंच ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी संप पेटला. १८९८ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला ती घरं विकायला लावली. तेव्हा कुठं पुलमनच्या पायऱ्यांवर बसणारे लोक त्या पायऱ्यांचे धनी झाले.

आता उडी थेट २०१२ सालात, मुळशीकडच्या डोंगरात. लवासातलं दासवे. वालचंदांच्याच भावाच्या मुलानं, अजित गुलाबचंद यांनी काढलेलं शहर. आराखडा एचओके या अमेरिकन कंपनीचा, डोळ्यांपुढं इटलीतलं पोर्टोफिनो. पाण्याकाठच्या फरसबंदीवर तुम्ही चालताय. पिवळ्या-तांबड्या इमारती, छत्र्यांखाली खुर्च्या. पायी चालायला याहून सोयीचा रस्ता महाराष्ट्रात सापडणं अवघड! रविवारी पुण्याहून गर्दी येते, फोटो काढते आणि अंधार पडायच्या आत घाट उतरते. आडवारी गेलात तर खुर्च्या मोजत बसा. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चुलत्याच्या गावाला निदान भोंगा होता, लोकांना सकाळी उठून कुठंतरी जायचं होतं.

परत या, आजच्या वालचंदनगरला. इथल्या कारखान्यात आता इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरांची आवरणं बनतात. तुम्ही मात्र फाटकाकडं न जाता काही किलोमीटरवर बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या जंक्शनला थांबा. रसवंती, पंक्चरवाला, मोबाईलचं दुकान, वडापावची गाडी. यातलं काहीच कुणी आखलेलं नाही. चहाच्या टपरीवर एक रिटायर फिटर बाकडं अडवून बसलाय. क्वार्टर सुटल्यावर त्यानं इथंच दोन गुंठे घेऊन घर बांधलंय.

‘‘कुणाकडं आलाय, पाव्हणं?’’ तो विचारतोच.

तुम्ही सांगता, तो सरकून जागा देतो. मग त्याचं गाऱ्हाणं सुरू होतं. कॉलनीत गटार रोज साफ व्हायचं, एका शब्दात सुपरवायझर हजर. इथं सहा महिने झाले दारातलं गटार तुंबलंय, आणि ग्रामपंचायत दाद देत नाही. उद्या चौघांना घेऊन तो सरपंचाच्या दारात बसणार आहे. तुम्हीही यायला हरकत नाही, असं त्याचं म्हणणं.