खापराचं माहेर

मध्य प्रदेशातल्या सौसरजवळच्या मोहगावहून पश्चिमेला पांढुर्ण्याची वाट धरली की पायाखाली काळी माती असते, दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. उलट दिशेला सौसर ओलांडून कन्हान नदीच्या अंगाला गेलं की जमिनीचा नूर पालटतो. अभ्रक चमकू लागतं, संगमरवर डोकं वर काढतो, मँगनीजच्या खाणी लागतात. या खडकांच्या समूहाला भूशास्त्रज्ञांनी नावच ‘सौसर’ असं दिलं आहे. पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके 2023 साली एका नव्या जिल्ह्यात आले खरे, पण त्यांच्या मातीचं कूळ एक नाही. काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सौसरचे खडक त्याहून कितीतरी जुने.

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर नांगराच्या फाळाला लागून खापरं वर येतात, तेव्हा हा फरक कामाला येतो. काळ्या पाषाणापासून झालेल्या मातीत लोह, टायटॅनियम, स्कँडियम, क्रोमियम यांचं प्रमाण जास्त. अभ्रकी खडकांच्या मातीत पोटॅशियम, रुबिडियम, थोरियम अधिक. आव्यात मडकं भाजलं की मातीचा रंग बदलतो, खनिजांची घडण मोडते, पण ही मूलद्रव्यं बहुतेक होती त्याच प्रमाणात राहतात. खापर कुठल्या मातीचं, हे त्यामुळेच हजारो वर्षांनी विचारता येतं.

हा प्रश्न रसायनशास्त्राला विचारायची सुरुवात जुनी आहे. 1895 साली हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्‌स यांनी अथेन्सच्या प्राचीन भांड्यांचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलं. पुढे 1914 चं नोबेल त्यांना मिळालं ते अणुभारांच्या अचूक मोजणीसाठी. अशा हातांखालून ग्रीक खापरं गेली होती! पण त्या काळच्या पद्धतीत मातीतले मुख्य घटकच नीट मोजता येत, आणि ते तर पुष्कळ मातींत सारखेच असतात. ओळख पटते ती दहा लाखांत चार-दोन भाग असणाऱ्या मूलद्रव्यांवरून. तेवढं बारीक मोजायला अणुभट्टी यावी लागली.

मार्च 1956 मध्ये रॉबर्ट ओपेनहायमर यांनी प्रिन्स्टनला पुरातत्त्वज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ यांची बैठक बोलावली. अणुबाँबच्या प्रकल्पाचं नेतृत्व केलेला माणूस फुटक्या मडक्यांकडे वळला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लगेच पुढच्या वर्षी ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या सेअर आणि डॉडसन यांनी भूमध्य समुद्राकाठच्या खापरांवरचं काम छापलं. रीत अशी : खापराची चिमूटभर पूड अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवायची. पुडीतली मूलद्रव्यं किरणोत्सारी होतात आणि प्रत्येक जण आपापल्या ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतो. ते मोजले की कोण किती आहे, ते कळतं.

आपल्याकडे या विद्येला मोठं काम दिलं ते एका थाळीने. 1945 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पाँडिचेरीजवळ अरिकामेडूला उत्खनन केलं. तिथे करड्या-काळ्या, पातळ, चकचकीत थाळ्या निघाल्या. तळाशी आतल्या बाजूला बारीक टिंबांची एकात एक वर्तुळं, दातेरी चक्री फिरवून काढल्यासारखी. सोबत रोमन माल होता, म्हणून ही नक्षीही भूमध्य समुद्राकडून आली असं मानलं गेलं. असल्याच थाळ्या पुढे श्रीलंकेत आणि थेट बालीतही सापडल्या.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विश्वास गोगटे यांनी त्या खापरांवर क्ष-किरण टाकले. या पद्धतीत मूलद्रव्यं नव्हे, पुडीतली खनिजं ओळखली जातात : किरण कोणत्या कोनात वळतो, त्यावरून खनिज ठरतं. 1997 साली त्यांनी निष्कर्ष मांडला की या थाळ्यांची माती बंगालची आहे, चंद्रकेतुगढ-तामलुक भागातली. 2005 साली फोर्ड, पोलार्ड, कॉनिंगहॅम आणि स्टर्न यांनी मूलद्रव्यं मोजली, आणि त्यांनाही वेगवेगळ्या ठिकाणच्या या थाळ्यांच्या मातीचं मूळ एकच असावं असं दिसलं. नेमकी कुठली माती, यावर वाद झाले. भाजताना खनिजं बदलतात, म्हणून निव्वळ क्ष-किरणांवर विसंबू नये, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण थाळी घडवणारे हात इथलेच होते, ही बाजू या कामाने भक्कम झाली.

हेच गोगटे मोहगावकडच्या मुलखाशीही जोडले गेलेत, मात्र वेगळ्या कामातून. विदर्भातल्या पेंच नदीकाठच्या नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी 1978 ते 1980 या काळात उत्खनन केलं, तेव्हा लोखंड गाळायची महापाषाणयुगीन भट्टी सापडली. तिथल्या मळीचं रासायनिक पृथक्करण करून, त्या लोकांनी दगडातून किती लोखंड काढलं याचा हिशेब गोगट्यांनी मांडला.

विदर्भातल्या महापाषाणी शिळावर्तुळांत काळी-तांबडी भांडी मिळतात, तशी अभ्रकी तांबडीही. अशा खापराचा तुकडा उन्हात फिरवला की पृष्ठभागावर कण लुकलुकतात. ते पाहून कोणीही म्हणेल, ही माती काळ्या पाषाणाची नव्हे. पण हे अभ्रक मातीतच होतं, की कुंभाराने वरून मिसळलं, की नुसतं लेपातून आलं? डोळ्यांनी हे सुटत नाही. शिवाय कुंभार मातीत लीद घालतो, राख घालतो, वाळू घालतो, दोन ठिकाणची माती एकत्र मळतो. अशा खापराचं पृथक्करण केलं तर आकडे मधलेच कुठले तरी येतात. त्यासाठी खापराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. मूळ माती कोणती आणि वरून घातलेलं काय, ते तिथे वेगळं दिसतं.

आणि जुळवायला आजची मातीही हाताशी हवी. सौसर-पांढुर्ण्याकडे जिथे चाक फिरतं, तिथल्या कुंभाराला विचारावं : माती कुठल्या नाल्याची, कुठल्या थराची, मळताना तीत काय पडतं? ती माती आणि त्याच आव्यातलं एक फुटकं मडकं, दोन्हींचे नमुने जागेची नोंद करून ठेवावेत. कन्हानची माती एकीकडे, जाम नदीची दुसरीकडे.