‘गेले होते’ आणि ‘हॅड गॉन’

इंग्रजीतून इतिहास लिहिताना आपला विद्यार्थी एक चूक हटकून करतो. ‘शिवाजीमहाराज १६६६ साली आग्र्यास गेले होते’ हे आपले अगदी शुद्ध मराठी. ‘होते’ म्हणजे गोष्ट घडून गेली, संपली. पोर त्याचे सरळ ‘हॅड गॉन’ करते. इंग्रजी वाचणारा तिथे थबकतो. गेले होते ते कशाच्या आधी? कारण इंग्रजीत हे रूप दोन घटनांतली अलीकडची नव्हे, पलीकडची दाखवते. औरंगजेबाने पहारे बसवले, त्याआधी महाराज दरबारातून निघून गेले होते. इथे ‘हॅड’ शोभेल. एरवी नुसते ‘वेन्ट’ पुरे.

दुसरी चूक ‘डिड नॉट वेन्ट’. भूतकाळ ‘डिड’ने उचलला, मग पुढे ‘गो’च हवे. आपण हसतो खरे! पण हा ‘डिड’ नकारात सक्तीचा झाला तो मागाहून. १६०० च्या सुमारास, शेक्सपिअरच्या काळी, ‘वेन्ट नॉट’ही सर्रास चाले.

तेव्हा गुरुजी, लाल शाई उचलण्याआधी पोराला एवढेच विचारा, ‘कशाच्या आधी रे?’ उत्तर सापडले नाही, तर आपला ‘हॅड’ तोच खोडील.