वडिलांचा रकाना

डेटाबेसमध्ये रिकामा रकाना दिसला की मी आधी विचारतो: माहिती नव्हती, की भरली नाही? व्हर्जिनियातल्या हेमिंग्ज या गुलाम कुटुंबाची वंशावळ वाचताना हाच प्रश्न आडवा आला.

त्यांचा मालक थॉमस जेफरसन, अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष. हिशेबाला भलता काटेकोर. मळ्याच्या वहीत गुलामांची नावं, जन्मसाल, वाटलेलं कापडसुद्धा आहे. सॅली हेमिंग्जची मुलंही आहेत. त्यांचा बाप नाही.

१८७३ मध्ये तिचा मुलगा मॅडिसन याने ओहायोतल्या वर्तमानपत्रात सरळ सांगितलं: आमचा बाप जेफरसन. बहुतेक इतिहासकारांनी ते शंभरेक वर्षं उडवून लावलं. त्यांना जेफरसनचे भाचे जास्त सोयीचे वाटले. १९९८ मध्ये मॅडिसनचा धाकटा भाऊ एस्टन याच्या वंशजाचा वाय-क्रोमोसोम तपासला. तो जेफरसन घराण्याशी जुळला, भाच्यांच्या घराण्याशी नाही. पण जेफरसनच्या लग्नाच्या बायकोचा एकही मुलगा जगला नव्हता, म्हणून ताडून पाहायला नमुने घेतले त्याच्या काकाच्या वंशजांचे. म्हणजे डीएनएने घराणं सांगितलं, माणूस नाही. माणसासाठी पुन्हा कागदच काढावे लागले: वहीतल्या प्रत्येक मुलाच्या वेळी सॅलीला दिवस गेले, तेव्हा जेफरसन घरी होता.

मला मात्र मॅडिसनची पणजी सोडत नाही. वसाहतकाळातली आफ्रिकी गुलाम बाई. पणजोबा इंग्रज जहाजाचा कप्तान. हेमिंग्ज हे आडनाव त्याचं. तो आपली मुलगी विकत मागायला आला, मालकाने दिली नाही, हेही मॅडिसनला ठाऊक होतं. पणजीचं नाव त्याच्या कथनातही नाही.