फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम

फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम (अर्थ : संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य) हे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले सभागृहात दिलेले इंग्रजी व्याख्यान होय. गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात, काळे स्मृती व्याख्यान म्हणून ते देण्यात आले. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील संघराज्याच्या योजनेची चिकित्सा हा त्याचा विषय आहे.

व्याख्यानमाला

रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ६ जून १९३० रोजी पुण्यात ही संस्था स्थापन झाली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक होते. काळे यांच्या स्मरणार्थ संस्थेने ही व्याख्यानमाला चालविली. सार्वजनिक महत्त्वाच्या एखाद्या प्रश्नाचा जाणकाराने साधार ऊहापोह करावा आणि ते व्याख्यान पुढे पुस्तिकारूपाने वाचकांच्या हाती पडावे, असे तिचे स्वरूप राहिले. १९९३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पार्श्वभूमी

१९३५ च्या कायद्याचे दोन प्रमुख भाग होते. प्रांतिक स्वायत्ततेचा भाग १ एप्रिल १९३७ पासून अमलात आला. ब्रिटिश प्रांत आणि देशी संस्थाने यांचे संघराज्य स्थापन करण्याचा दुसरा भाग मात्र संस्थानिकांच्या संमतीवर अवलंबून होता. संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी किमान निम्मी लोकसंख्या असलेली आणि वरिष्ठ सभागृहातील किमान ५२ जागांचा हक्क असलेली संस्थाने सामील झाल्याखेरीज संघराज्य अस्तित्वात येऊ शकत नव्हते.

ब्रिटिश प्रदेश आणि संस्थानी प्रदेश यांतील सीमा किती गुंतागुंतीची होती, हे वऱ्हाडाच्या उदाहरणावरून दिसते. बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ या चार जिल्ह्यांवर निजामाचे सार्वभौमत्व कायद्याने मान्य होते. प्रत्यक्ष कारभार मात्र ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या ब्रिटिश प्रांताकडे होता. येथील मतदार प्रांतिक विधिमंडळावर आपले प्रतिनिधी निवडून देत असत. शेजारच्या निजामी मराठवाड्यातील प्रजेला मात्र उत्तरदायी शासन मिळालेले नव्हते.

व्याख्यानाच्या वेळी आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते आणि मुंबई विधानसभेचे सदस्य होते. लंडनच्या तिन्ही गोलमेज परिषदांत त्यांनी भाग घेतला होता. त्यामुळे ही योजना कशी आकारास आली, हे त्यांनी जवळून पाहिले होते. याच दिवशी काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक होऊन सुभाषचंद्र बोस विजयी झाले. संघराज्याच्या प्रश्नावर ब्रिटिश सरकारशी तडजोड होऊ नये, हा त्यांच्या प्रचारातील एक प्रमुख मुद्दा होता.

आशय

आंबेडकरांनी कायद्यातील तरतुदींच्या आधारे योजनेची रचना, अधिकार आणि स्वरूप तपासले. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या संघराज्यांशी तिची तुलनाही केली. योजनेच्या समर्थनार्थ मांडले जाणारे तीन दावे त्यांनी विचारात घेतले : देश एक होईल, संस्थानांत लोकशाहीचा शिरकाव होईल, आणि केंद्रात जबाबदार राज्यपद्धती येईल.

कनिष्ठ सभागृहातील ३७५ जागांपैकी १२५ आणि वरिष्ठ सभागृहातील २६० जागांपैकी १०४ जागा संस्थानांसाठी होत्या. त्या जागांवरील सदस्य प्रजेने निवडायचे नसून संस्थानिकांनी नेमायचे होते. त्यामुळे संस्थानांत लोकशाही पोहोचण्याऐवजी केंद्रीय विधिमंडळातच नेमणुकीचे तत्त्व शिरणार होते. प्रत्येक संस्थान स्वतंत्र सामीलनाम्याद्वारे दाखल होणार असल्याने सर्वांना समान नागरिकत्वही मिळणार नव्हते. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ही खाती गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत राखीव होती.

योजनेचा सर्वांत घातक दोष आंबेडकरांना तिच्या भवितव्यात दिसला. संस्थानिकांच्या सामीलनाम्यांना बाध न आणता कायद्याच्या काही ठरावीक तरतुदींतच बदल करता येणार होता. राखीव खाती लोकप्रतिनिधींच्या हाती द्यायची झाली, तर संस्थानिकांच्या संमतीचा प्रश्न उभा राहणार होता. अशा रीतीने ब्रिटिश हिंदुस्थानातील जनतेच्या स्वातंत्र्याचा मार्ग संस्थानिकांच्या इच्छेशी बांधला जात होता. व्याख्यानाच्या शीर्षकातील विरोध तो हाच. आंबेडकरांचा आक्षेप संघराज्याच्या कल्पनेला नव्हता. त्यांचा स्वतःचा कल एकात्म राज्यपद्धतीकडे होता. तथापि प्रांतिक स्वायत्तता स्वीकारल्यावर संघराज्य अटळ ठरते, हे त्यांनी मान्य केले होते.

पुढील घडामोडी

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ११ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी संघराज्याची तयारी स्थगित केल्याचे जाहीर केले. ही योजना पुढे कधीच अमलात आली नाही.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्षपद आंबेडकरांकडे आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी भारतासाठी ‘संघ’ हा शब्द का योजला, हे स्पष्ट केले : हे संघराज्य घटकांमधील करारातून निर्माण झालेले नाही, म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. संविधानाने एकेरी नागरिकत्वही स्वीकारले. सामीलनाम्यांवर उभे राहणारे संघराज्य आणि असमान नागरिकत्व हे १९३९ मध्ये दाखविलेले दोष नव्या रचनेत राहिले नाहीत.

प्रकाशन

हे व्याख्यान १९३९ मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये प्रकाशित केलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या पहिल्या खंडात त्याचा समावेश आहे.