गैरहजरांची संसद

न. चिं. केळकर यांचा 'आयर्लंडचा इतिहास' १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथामुळे, आणि 'केसरी'त वेळोवेळी येणाऱ्या मजकुरामुळे, युरोपच्या पश्चिम टोकाचे ते बेट मराठी वाचकाच्या चांगल्याच ओळखीचे झाले होते. पुढे १९१६ साली लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली तेव्हा तिचे नावही आयर्लंडहूनच आले. मात्र आपल्याकडे हा शब्द नवा नवा असतानाच त्याच्या माहेरी त्याचे दिवस भरत आले होते. होमरूल मिळावे म्हणून आयरिश प्रतिनिधी चार दशकांहून अधिक काळ लंडनच्या पार्लमेंटात भांडले. १९१४ साली कायदा एकदाचा संमत झाला. पण महायुद्ध सुरू झाल्यामुळे तो अमलात येण्यापूर्वीच तहकूब ठेवण्यात आला. १९१६ च्या ईस्टर सप्ताहात डब्लिन शहरात सशस्त्र उठाव झाला. तो आठवड्याच्या आत मोडला गेला, आणि त्या वेळी सामान्य जनता त्याच्या पाठीशी होती असेही म्हणता यावयाचे नाही. परंतु पकडलेल्या पुढाऱ्यांना एकामागून एक गोळ्या घालण्याचे जे सत्र सरकारने चालविले, त्याने उठावाला जिवंतपणी न लाभलेला पाठिंबा मेल्यावर मिळवून दिला. १९१८ साली आयर्लंडवर सक्तीची सैन्यभरती लादण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा वेस्टमिन्स्टरवरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

अशा स्थितीत १४ डिसेंबर १९१८ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. नव्या कायद्यामुळे आयर्लंडातील मतदारांची संख्या सुमारे ७ लाखांवरून १९ लाखांवर गेली होती. तीस वर्षांवरील पुष्कळ स्त्रियांना प्रथमच मत मिळाले होते. १०५ जागांपैकी ७३ जागा सिन फेन या पक्षाने जिंकल्या. जुन्या नेमस्त पक्षाच्या हाती, जो कालपर्यंत साऱ्या राष्ट्राच्या नावाने बोलत होता, आयर्लंडात केवळ ६ जागा उरल्या. येथे एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवली पाहिजे. सिन फेनच्या २५ उमेदवारांना विरोधकच नव्हता, तेथे मतदान झाले नाही. आणि जेथे झाले तेथे पक्षाला सुमारे ४७ टक्के मते पडली. ईशान्येकडील अल्स्टर भागातून ब्रिटनशी ऐक्य राखू पाहणारे बहुसंख्य युनियनिस्ट निवडून आले. कौल मोठा होता, निःसंशय होता. पण तो साऱ्या बेटाचा नव्हता. ईशान्येचा हा कोपरा पुढे रिकामाच राहावयाचा होता.

निवडून आलो तरी लंडनच्या पार्लमेंटात पाऊल टाकणार नाही, हे सिन फेनचे मतदारांना दिलेले वचन होते. ही कल्पना आर्थर ग्रिफिथ यांची. मुद्रणालयात खिळे जुळविण्यापासून सुरुवात करून संपादक झालेल्या या गृहस्थाने १९०४ साली हंगेरीच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिले होते. हंगेरीच्या लोकांनी ऑस्ट्रियाच्या संसदेवर बहिष्कार टाकून आपली संसद परत मिळविली, तेच आपण करावे, असे त्यांचे म्हणणे. बहिष्कार हा शब्द आपल्याला नवा नाही. पण ग्रिफिथ यांच्या बहिष्काराचा दुसरा अर्धा भाग अधिक कठीण होता. परक्याच्या सभेत जावयाचे नाही एवढ्याने भागत नव्हते. आपली सभा भरवावयाची होती, आणि तिला कायद्याने दिलेले छप्पर, खुर्ची, शिपाई यांपैकी काहीही नव्हते.

ही सभा २१ जानेवारी १९१९ रोजी दुपारी साडेतीन वाजता डब्लिनच्या महापौरांच्या निवासस्थानी, म्हणजे मॅन्शन हाउसमध्ये, भरली. तिला नाव दिले गेले डॉइल एरिन, म्हणजे आयर्लंडची सभा. जे वर्तुळाकार दालन तिला मिळाले ते १८२१ साली चौथ्या जॉर्ज राजाच्या स्वागतासाठी बांधलेले होते. त्याच दिवशी, त्याच इमारतीत, जर्मनांच्या कैदेतून सुटून परत आलेल्या डब्लिन फ्युझिलिअर्स या ब्रिटिश पलटणीतील आयरिश शिपायांचा सत्कार झाला होता. एक मंडळी बाहेर पडली आणि दुसरी आत शिरली. दोन्ही मंडळी आयरिशच होती, हे विसरून चालणार नाही.

अध्यक्षस्थानी काहल ब्रुआ यांची निवड झाली. मेणबत्त्यांचा व्यापार करणारे हे लहानखोर गृहस्थ १९१६ च्या उठावात इतके जखमी झाले होते की ते वाचतील अशी आशा कोणी धरली नव्हती. प्रार्थना झाली आणि कारकुनाने हजेरी घेण्यास आरंभ केला. निमंत्रण आयर्लंडातील सर्वच निर्वाचित सभासदांना होते, म्हणून नावेही सर्वांची पुकारण्यात आली. अल्स्टरचे कट्टर पुढारी एडवर्ड कार्सन यांचेसुद्धा. ते येणार नव्हते हे सर्वांना ठाऊक होते. पण नाव गाळणे म्हणजे तो प्रदेश आपला नव्हे असे मान्य करणे झाले असते. अशा नावांना उत्तर मिळे, 'गैरहजर'. सिन फेनच्या सभासदांची नावे येऊ लागली तेव्हा मात्र दुसरेच उत्तर पुनःपुन्हा ऐकू येऊ लागले: 'फे घ्लास एग गालिव'. आयरिश भाषेतील या शब्दांचा अर्थ, 'परक्यांच्या कुलपात'. ईमन डी व्हॅलेरा, परक्यांच्या कुलपात. आर्थर ग्रिफिथ, परक्यांच्या कुलपात. विल्यम कॉसग्रेव्ह, परक्यांच्या कुलपात. ३४ वेळा हे उत्तर आले. मे १९१८ मध्ये सरकारने जर्मनीशी कटाचा आरोप ठेवून पुढाऱ्यांची धरपकड केली होती, आणि त्यातले कित्येक तुरुंगात असतानाच निवडून आले होते. सिन फेनचे सभासद एकंदर ६९, कारण चौघे दोन दोन मतदारसंघांतून आले होते. त्यांपैकी प्रत्यक्ष दालनात सुमारे २७. निम्म्याहून कितीतरी कमी!

संसदेच्या अधिकाराचे मूळ कोठे असते, हा प्रश्न एरवी पंडितांच्या वादाचा. त्या दुपारी तो हजेरीपटानेच सोडविला असे मला वाटते. रिकाम्या जागांमुळे सभा दुबळी दिसावयास हवी होती. परदेशी वार्ताहरांनी आणि दाटीने बसलेल्या प्रेक्षकांनी पाहिले ते निराळेच: ज्यांना लोकांनी निवडले त्यांना सरकारने कोंडले आहे, हे एका माणसाने कोरड्या आवाजात नावे वाचून सिद्ध केले. कोणत्याही वक्त्याला हे जमले नसते. गंमत अशी की या हजेरीपटात एक लबाडीही आहे. मायकेल कॉलिन्स आणि हॅरी बोलंड यांच्या नावांपुढे 'हजर' अशी नोंद आहे. वास्तविक ते दोघे त्या दिवशी इंग्लंडात होते. लिंकनच्या तुरुंगातून डी व्हॅलेरांना बाहेर काढण्याची त्यांची खटपट चालू होती. ते इंग्लंडात आहेत हा सुगावा लागू नये म्हणून ते सभागृहात 'बसले'. ३ फेब्रुवारीला डी व्हॅलेरा बनावट किल्लीच्या साह्याने खरोखरच बाहेर पडले.

सभेचे काम दोन तासांच्या आसपास चालले, आणि ते जवळजवळ सगळे आयरिश भाषेत. उपस्थितांपैकी पुष्कळांना ती अर्धवटच समजत होती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आयरिश, फ्रेंच व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वाचण्यात आला. जगातील स्वतंत्र राष्ट्रांना उद्देशून एक आवाहन मंजूर झाले, कारण पॅरिसची शांतता परिषद नुकतीच सुरू झाली होती. चौथा ठराव लोकशाही कार्यक्रमाचा. प्रत्येक मुलाच्या अन्नवस्त्राची, निवाऱ्याची व शिक्षणाची तरतूद हे प्रजासत्ताकाचे पहिले कर्तव्य, असे त्यात म्हटले होते. मूळ मसुदा मजूर पक्षाच्या टॉमस जॉन्सन यांचा, तो शॉन ओ'केली यांनी मवाळ केलेला. पुढे राज्य हाती आल्यावर याच सभेचे एक सभासद केविन ओ'हिगिन्स यांनी त्यातला बराच भाग काव्य म्हणून बाजूला सारला.

त्याच दिवशी, सभेच्या काही तास आधी, टिपरेरी परगण्यातील सॉलोहेडबेग येथे स्फोटके घेऊन जाणाऱ्या दोन पोलिसांना आयरिश स्वयंसेवकांनी ठार केले. डॉइलला याची वार्ताही नव्हती. बंदूक आणि सभा एकाच दिवशी, परंतु एकमेकींना न विचारता, घराबाहेर पडल्या. सभेने सैन्याच्या कृत्यांची जबाबदारी उघडपणे स्वीकारली ती १९२१ साली. त्या दोन वर्षांच्या अंतराने पुढे फार मोठी किंमत वसूल केली.

मार्च १९१९ मध्ये पीअर्स मॅकॅन हे सभासद ग्लॉस्टरच्या तुरुंगात इन्फ्लुएंझाने वारले आणि त्यानंतर सरकारने कैदी सोडले. १ एप्रिलच्या बैठकीला ५२ जण हजर होते. डी व्हॅलेरा मुख्य झाले, कॉलिन्स अर्थमंत्री. लंडनच्या पोस्टाच्या बचत बँकेत कधीकाळी कारकुनी केलेल्या या तरुणाने राष्ट्रीय कर्ज उभारले: अडीच लाख पौंडांची अपेक्षा, जमा झाले साडेतीन लाखांहून अधिक. मजूरमंत्री झाल्या कॉन्स्टन्स मार्कीव्हिच. स्लायगोच्या जमीनदार घराण्यातील ही स्त्री उठावात लढली होती. स्त्री म्हणूनच तिची फाशी टळली. हॉलोवेच्या तुरुंगात असताना ती निवडून आली, आणि ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली, जरी त्या पार्लमेंटात ती कधीही बसली नाही. तिच्यानंतर आयर्लंडच्या मंत्रिमंडळात दुसरी स्त्री येण्यास १९७९ साल उजाडावे लागले.

सप्टेंबर १९१९ मध्ये डॉइल बेकायदा ठरविण्यात आले. तरीही गावोगाव त्याची न्यायालये चालली, नगरपालिकांनी त्याची सत्ता मानली. मध्य कॉर्कचे सभासद आणि कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांनी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात अन्न वर्ज्य केले. ७४ दिवसांनी, २५ ऑक्टोबर १९२० रोजी, ते निवर्तले. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या कुटुंबाकडून सहानुभूतीची तार हिंदुस्थानात आली होती.

ज्यांना तुरुंगांनी एकत्र ठेवले त्यांना करारपत्राने तोडले. ६ डिसेंबर १९२१ रोजी ब्रिटनशी झालेल्या तहाने बव्हंश स्वातंत्र्य दिले, पण राजनिष्ठेची शपथ ठेवली. त्यापूर्वीच, १९२० च्या कायद्याने, ईशान्येचे सहा परगणे वेगळे झाले होते. ग्रिफिथ आणि कॉलिन्स यांनी तहावर सही केली. डी व्हॅलेरा, ब्रुआ, मार्कीव्हिच विरोधात उभ्या राहिलेल्यांत होते. ७ जानेवारी १९२२ रोजी मते मोजली गेली: ६४ विरुद्ध ५७. तेव्हा दुसरी सभा अस्तित्वात आली होती, पण मुख्य माणसे तीच होती. जूनमध्ये यादवी पेटली. जुलैत पहिले अध्यक्ष ब्रुआ लढताना घायाळ होऊन मेले. ऑगस्टच्या आरंभी बोलंड सरकारी सैन्याच्या गोळीने गेले; १२ तारखेला ग्रिफिथ मेंदूतील रक्तस्रावाने; २२ तारखेला कॉलिन्स तहविरोधकांच्या दबा धरलेल्या तुकडीकडून. ज्या दोघांनी हजेरीपटात जोडीने खोटी हजेरी लावली होती ते एकाच महिन्यात, एकमेकांच्या शत्रुपक्षांत, मारले गेले. डिसेंबरमध्ये लिअम मेलोज यांना चौकशीशिवाय गोळ्या घालण्यात आल्या. तेही १९१९ चे सभासद, आणि तो हुकूम देणारे सरकारही १९१९ च्याच सभासदांचे. आपल्या पार्लमेंटावर परक्यांनी घातलेले कुलूप त्यांनी फोडले होते खरे. पण ७ मतांनी हरलेल्याने काय करावे, याचा धडा त्या वर्तुळाकार दालनात शिकविला गेला नव्हता. कारण तेथे विरोधी पक्ष कधी आलाच नव्हता. एकमताने भरलेल्या सभेचा हा दोष मला फार मोठा वाटतो.

१९२७ साली डी व्हॅलेरा यांचा पक्ष शपथेच्या वहीत सही करून, ती निव्वळ एक औपचारिकता मानून, सभागृहात आला. फेब्रुवारी १९३२ च्या निवडणुकीत कॉसग्रेव्ह यांचे सरकार पडले. दहा वर्षांपूर्वी ज्यांना बंडखोर म्हणून कैद केले त्यांच्या हाती सैन्य आणि पोलीस सोपवावयाचे होते. ते कॉसग्रेव्ह सोपवतील यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. ९ मार्चला नव्या पक्षाचे काही सभासद खिशात पिस्तूल घालून सभागृहात आले होते. १९१९ च्या हजेरीत या दोन्ही पुढाऱ्यांच्या नावांना एकच उत्तर आले होते. ८१ विरुद्ध ६८ मतांनी डी व्हॅलेरा यांची निवड झाली. कॉसग्रेव्ह विरोधी बाकांवर गेले आणि १९४४ पर्यंत त्याच सभागृहाचे सभासद राहिले.