श्वास थांबायला ५९ तास

२०१७ च्या खरीप हंगामात वऱ्हाडात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. सर्वाधिक बळी यवतमाळ जिल्ह्यात गेले; अकोला, अमरावती, बुलडाण्यातूनही माणसं दवाखान्यात येत राहिली. पुढचा घटनाक्रम कुणा एकाचा नाही. मोनोक्रोटोफॉससारखं विष शरीरात शिरल्यावर तासागणिक जे घडतं, ते एका मजुराच्या अंगावर मांडून पाहिलं आहे.

५९ तास आधी. पहिला दिवस, सकाळी ७

मूर्तिजापूर तालुक्यातलं वावर. पऱ्हाटी छातीच्या वर गेलेली. धुऱ्यावर ड्रममध्ये दोन-तीन विषं एकत्र कालवली जातात, वरून टॉनिक. ढवळताना हात मनगटापर्यंत भिजतो. आपल्याकडे याला ‘औषध’ म्हणतात. हा शब्द आधी सोडायला हवा.

५७ तास आधी. सकाळी ९

तिसरा पंप. पीक उंच, त्यामुळे नोझल तोंडाच्या रेषेत. पाठीवरचा पंप झिरपतो आहे, सदरा आणि पॅन्ट ओली. त्याच हातानं खर्रा तोंडात जातो. विष नाकातोंडातून जातंच; पण घामेजलेल्या कातडीतून किती जातं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

५५ तास आधी. सकाळी ११

डोकं जड, मळमळ, डोळ्यांपुढे धुरकट. “ऊन लागलं असन,” तो म्हणतो आणि आणखी एक पंप भरतो.

ऊन नाही. मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला आज्ञा देतो ती अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनातून. काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते रसायन क्षणात मोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉस नेमकं या एन्झाइमला चिकटतं. आज्ञा मोडलीच जात नाही, म्हणून ग्रंथी पाझरत राहतात आणि स्नायू आकसत राहतात.

इथून एक घड्याळ सुरू होतं. चिकटलेलं विष सुरुवातीला सोडवता येतं. मग त्या बंधाची रचना बदलते आणि एन्झाइम कायमचं निकामी होतं. मोनोक्रोटोफॉसच्या गटातल्या विषांत निम्मं एन्झाइम असं हाताबाहेर जायला साधारण पावणेचार तास लागतात. ही पावणेचार तासांची मुदत वऱ्हाडात बहुधा धुऱ्यावरच्या झाडाखाली, “थोडं पडतो, बरं वाटन” म्हणण्यात संपते.

५३ तास आधी. दुपारी १

उलट्या, लाळ, अंग घामानं निथळलेलं. बायको शिदोरी घेऊन येते. “अवो, काय होऊन राह्यलं तुमाले?” डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आहेत. मांडीवर कातडीखाली स्नायू फडफडताहेत. कपडे तेच, ओले. विष अजून आत जातंच आहे.

५१ तास आधी. दुपारी ३

गावातून ऑटो मिळून अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाकडे. विषाचा डबा वावरातच राहिला. डॉक्टर विचारतात, कोणतं फवारलं? “बोंडअळीचं.” हे उत्तर महागात पडतं. त्या ड्रममध्ये डायफेन्थ्युरॉन हे कीटकनाशक असेल तर तेही घातक: ते पेशीची ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया बंद पाडतं, आणि त्यावर नेमका उतारा नाही.

कपडे काढून साबणानं अंग धुतात. अ‍ॅट्रोपिन सुरू होतं, दर काही मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर कोरडी होईपर्यंत. सोबत पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्झिम. चिकटलेलं विष सोडवण्याचं काम त्याचं, पण मुदत उलटली नसेल तरच. त्याच्या मात्रेवर महत्त्वाचं संशोधन आपल्याच राज्यात झालं. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली: ठिबकत सतत औषध दिलेल्या शंभरांत एक दगावला, चार-चार तासांनी इंजेक्शन दिलेल्या शंभरांत आठ. श्रीलंकेतल्या २००९ च्या चाचणीत मात्र पॅमचा फायदा दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही. लवकर पोहोचावं, याबद्दल मात्र कुणाचा वाद नाही.

३४ तास आधी. दुसरा दिवस, सकाळी ८

तो उठून बसतो, चहा मागतो. घरचे हुश्श करतात. सोयाबीन सोंगायचं राहिलं आहे, सुट्टी द्या म्हणतात.

सगळ्यात मोठा धोका याच घटकेला असतो. अ‍ॅट्रोपिन ग्रंथी आणि श्वासनलिका सांभाळतं. हातापायांच्या, मानेच्या, श्वासाच्या स्नायूंना त्याचा काही उपयोग नाही. तिथलं निकामी एन्झाइम निकामीच आहे.

११ तास आधी. तिसरा दिवस, सकाळी ७

उशीवरून मान उचलत नाही. घरच्यांना वाटतं, अशक्तपणा. सेनानायके आणि करालिएड्डे या श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हीच अवस्था नोंदवली होती: विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत, रुग्ण सुधारलेला दिसत असताना, मान, खांदे, मांड्या आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात.

३ तास आधी. दुपारी ३

आवाज बसला, गिळता येत नाही. श्वास उथळ आणि भरभर.

शून्य. संध्याकाळी ६

छातीचा पडदा थांबतो. व्हेंटिलेटर मोकळा असेल तर एक ते तीन आठवड्यांत माणूस परत येऊ शकतो. नसेल तर काही मिनिटांत सगळं संपतं.

त्या वर्षी ‘मास्क घातला नाही म्हणून मेले’ असं फार बोललं गेलं. भर दमट उन्हात, रोजंदारीवर, ज्याच्या हाती साधा हातमोजाही कुणी दिला नाही, त्याच्यावर हा ठपका ठेवणं अन्याय आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्यानं यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखालच्या विशेष पथकानं मोनोक्रोटोफॉसवर कायमच्या बंदीची शिफारस केली. भाजीपाल्यावर ते २००५ पासूनच बंद होतं. केंद्राचा ३६ टक्के मोनोक्रोटोफॉसवरच्या बंदीचा आदेश निघाला २०२३ मध्ये.

घरचं कुणी फवारणीला जात असेल तर एवढं करा. मळमळलं की पंप खाली, कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा. विषाचा डबा पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्या. आणि बरं वाटलं तरी चार दिवस त्याला उशीवरून मान उचलून दाखवायला सांगा. नाही उचलली, तर त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारा.