गटअध्ययन, आभासी वर्गातील

एकत्र न बसता, फोन किंवा संगणकाच्या आधारे तीन-चार विद्यार्थ्यांनी एकमेकांना शिकवत शिकण्याची पद्धत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर महाराष्ट्रात तिची गरज भासली. शिक्षकांनी वर्गावर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप काढले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला, ‘दीक्षा’ ॲपवरचे घटक आणि पुढे ‘स्वाध्याय’ उपक्रमाची साप्ताहिक चाचणी मुलांपर्यंत फोनवरून पोचली. मात्र यात मूल एकट्यानेच उत्तर देई. ग्रुप होता, गट नव्हता.

वर्गातली गटअध्ययनाची पद्धत फोनवर जशीच्या तशी चालत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिन येथे योजलेल्या ‘जिगसॉ’ पद्धतीत धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे असतो आणि पूर्ण धडा हवा तर सर्वांचे ऐकावेच लागते. हे तत्त्व फोनवरही टिकते. बदलावे लागते ते वेळापत्रक. अनसिंग (ता. वाशीम) परिसरासारख्या सोयाबीनच्या मुलखात घरातला एकुलता एक फोन दिवसभर वडिलांबरोबर वावरात असेल, तर सकाळी अकराची मीटिंग भरणार कशी? म्हणून काम संध्याकाळवर टाकावे. ‘गावातले पाणी’ हा विषय घ्या : एकीने विहिरीची, दुसऱ्याने बोअरची, तिसरीने नळयोजनेची माहिती घरी विचारून मिनिटभराच्या आवाजी संदेशात पाठवायची, चौथ्याने ती वहीत उतरवून पानाचा फोटो टाकायचा. पुढच्या आठवड्यात कामे बदलायची, नाहीतर सुंदर अक्षराचीच मुलगी वर्षभर लिहीत बसते. गट हजेरीपटानुसार न पाडता गल्लीनुसार पाडले, तर एका फोनवर दोघांचे भागते. मोठ्या शहरांत सोयीची ठरलेली, व्हिडिओ मीटिंगमध्ये छोटे गट वेगळे बसवणारी ब्रेकआउट रूम इथे फारशी कामाची नाही.

दूर राहूनही जोडीने शिकण्याचे ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील तत्कालीन जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ उपक्रमात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणावग्रस्त देशांतील मुलांना सहा आठवडे परदेशी जोडीदार मिळे आणि दोघे मिळून सादरीकरण करत. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. ग्रुप राहिले; त्यांवर आता बहुतेक सूचनाच येतात.